गुडघेदुखी असलेल्याने हलकी स्की आणि हलके बाइंडिंग घ्यावे का?

पंचगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. डाव्या गुडघ्याची गादी फाटल्यामुळे तिचा काही भाग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढलेला आहे, आणि वाटीच्या मागची कूर्चाही झिजू लागल्याचे एमआरआयमध्ये दिसते. रंकाळ्याभोवती चालताना काहीच जाणवत नाही, परंतु जोतिबाच्या पायऱ्या उतरताना वाटीखाली कळ येते. औलीला गढवाल मंडल विकास निगमच्या वर्गात स्कीइंग शिकलो तेव्हापासून या खेळाची ओढ सुटलेली नाही. सोपे उतार, बेताचा वेग आणि मांडीच्या स्नायूंची पूर्ण तयारी, एवढ्या अटी घालून सर्जनांनी परवानगी दिलेली आहे. येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला जायचे ठरवतो आहे.

तिथे भाड्याने मिळणारे सामान जड असते, म्हणून यंदा स्वतःचे घेण्याचा विचार आहे. एका विक्रेत्याने प्रत्येकी सव्वा किलोच्या टुरिंग स्की, म्हणजे डोंगर चढून उतरणाऱ्यांच्या स्की, आणि त्यांवर जेमतेम ३०० ग्रॅमचे पिन बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पिनांनी धरणारी पकड, सुचवले आहे. 'वजन कमी, म्हणजे गुडघ्यावरचा भार कमी' असे त्याचे म्हणणे आहे. मला डोंगर चढून जायचे नाही. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा आणि खालचे उतार एवढेच माझे क्षेत्र आहे. हलकेपणाचा गुडघ्याला खरोखर किती उपयोग होतो, आणि पिन बाइंडिंग माझ्यासारख्यासाठी सुरक्षित आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिमवाट

अवश्य घ्या. मी कित्येक वर्षे टुरिंगचे सामान वापरतो आहे आणि माझे दोन्ही गुडघे कुरकुरणारे आहेत. दिवसाच्या शेवटी पाय जितके ताजे, तितका गुडघा सुरक्षित, कारण बहुतेक पडझड दुपारनंतर पाय थकल्यावरच होते. हलक्या सामानाचा हा लाभ कोणत्याही कोष्टकात दिसत नाही, पण शरीराला नेमका कळतो.

शिरोली_यंत्रशाळा

पंचगंगाकाठ साहेब, विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे आहे, म्हणून आधी भार येतो कुठून ते पाहू.

आपण उतारावर असताना स्कीचे वजन बर्फ पेलतो, गुडघा नव्हे. गुडघ्यावर येतो तो आपल्या ७४ किलोंचा भार, आणि वळण घेताना त्यात पडणारी भर. वळण जितके वेगाचे आणि आवळलेले, तितकी ही भर मोठी. त्यापुढे स्की दोन किलोची आहे की सव्वा किलोची, हा फरक नगण्य ठरतो. स्कीचे वजन गुडघ्याला जाणवते ते पाय उचलावा लागतो तेव्हा, म्हणजे आडव्या पावलांनी चढताना, जागच्या जागी वळताना, आणि विशेषतः पाय टेकायला दांडी नसलेल्या चेअरलिफ्टवर बसल्यावर. नेहमीची स्की, तिचे बाइंडिंग आणि बूट मिळून एका पायाला पाच किलोच्या आसपास वजन लोंबकळते. हलक्या टुरिंग सामानात ते तीन किलोंवर येते. ज्याच्या वाटीला किंवा लिगामेंटला हे लोंबकळणे सोसत नाही, त्याला हा फरक मोठा आहे, हे मान्यच करावे लागेल.

दुसरी बाजू अशी, की जड स्की खडबडीत बर्फावरचे हादरे स्वतःत जिरवते. सकाळी गोठून कडक झालेल्या किंवा दुपारी इतरांच्या वळणांनी उकरलेल्या बर्फात अतिहलकी स्की फडफडते, दिशा सोडते, आणि ती सावरण्याचे काम मांडीला व गुडघ्याला करावे लागते. म्हणून हलकेपणाला एक मर्यादा हवी. सव्वा किलोची स्की चढणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. आपण चढणार नसाल, तर आपण किंमत मोजाल हलकेपणाची आणि हादरे मात्र पदरी घ्याल.

इन्सब्रुकवासी

शिरोलीकरांनी स्कीचे सांगितले, मी बाइंडिंगबद्दल लिहिते. माझे माहेर कोल्हापूरचे आणि वास्तव्य ऑस्ट्रियात, त्यामुळे दोन्ही प्रकारचे बाइंडिंग रोजच्या पाहण्यातले आहे.

नेहमीच्या, म्हणजे अल्पाइन बाइंडिंगमध्ये बुटाचा चवडा पुढच्या पकडीत असतो आणि टाच मागच्या पकडीत. पाय पिळला गेला तर पुढची पकड बाजूला उघडते, आणि आपण पुढे कोलमडलो तर मागची पकड वर उघडते. सुटण्यापूर्वी पुढची पकड काही मिलिमीटर सरकून पुन्हा मध्यावर येऊ शकते, त्यामुळे लहानसहान धक्क्याला बूट निसटत नाही आणि मोठ्या पिळाला अडूनही राहत नाही. गुडघ्याच्या दृष्टीने ही सरकण्याची मुभा फार मोलाची आहे.

पिन बाइंडिंगची कल्पना १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातील फ्रिट्झ बार्थेल यांनी प्रत्यक्षात आणली आणि पुढे डायनाफिट कंपनीने ती जगभर नेली. त्यात बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पोलादी पिना धरतात आणि टाचेत मागून आणखी दोन पिना शिरतात. बहुतेक पिन बाइंडिंगमध्ये बाजूची आणि वरची, दोन्ही सुटका टाचेकडूनच होते, आणि अतिहलक्या नमुन्यांत वर सांगितलेली मुभा अगदी थोडी असते. चढताना पुढचा भाग कुलूपबंद करतात. ते कुलूप उतरतानाही तसेच राहिले, तर पडल्यावर स्की सुटेलच याचा भरवसा राहत नाही. पुढच्या स्प्रिंगखाली बर्फ घट्ट बसला की पिना पूर्ण मिटत नाहीत, ही वेगळी अडचण. शिवाय अनेक पिन बाइंडिंगमध्ये टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटरहून अधिक उंच राहते. तोल राखण्यासाठी मग गुडघा अधिक वाकवून ठेवावा लागतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. ज्यांची वाटी आधीच दुखते त्यांनी ही उंची मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

हे बाइंडिंग वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ते चढणाऱ्याचे साधन आहे, आणि पंचगंगाकाठ यांना चढायचेच नाही.

हिमवाट

ताई, आपले वर्णन अचूक आहे, पण सगळी पिन बाइंडिंग्ज एका मापाने मोजणे योग्य नाही. फ्रिट्शीच्या टेक्टनमध्ये बाजूची सुटका पुढच्या पकडीतच होते आणि टाच अल्पाइन पद्धतीने धरली जाते. सॅलोमनचे शिफ्ट तर चढताना पिनवर चालते आणि उतरताना संपूर्ण अल्पाइन बाइंडिंग होते. मी स्वतः वर चढून मगच उतरतो, त्यामुळे माझ्या गुडघ्याचा हिशेब निराळा आहे. चढताना वाचलेले वजन मला उतरताना उपयोगी पडते.

इन्सब्रुकवासी

शिफ्टबद्दल सहमत आहे. मात्र त्याचे वजन प्रत्येकी ९०० ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे विक्रेत्याने दाखवलेला ३०० ग्रॅमचा मोह तिथेच संपतो.

राजारामपुरीची_फिजिओ

सामानाची चर्चा उत्तम चालली आहे, पण 'गुडघेदुखी' या एका शब्दाखाली तीन निरनिराळे आजार येतात आणि तिघांच्या गरजा सारख्या नाहीत.

वाटीच्या मागची कूर्चा झिजली असेल, तर शत्रू आहे तो वाकलेल्या गुडघ्यावरचा दीर्घकाळचा भार. 'खुर्चीवर बसल्यासारखे' मागे रेलून स्कीइंग करणाऱ्यांची वाटी हमखास दुखते. बूट फार कडक असला की घोटा पुढे वाकत नाही आणि माणूस आपोआप मागे रेलतो, म्हणून या रुग्णांसाठी बुटाचा मऊपणा स्कीच्या वजनाहून महत्त्वाचा आहे. गादी फाटलेली असेल, तर वाकलेला गुडघा आणि त्याच वेळी बसणारा पीळ, ही जोडी घातक ठरते. लांबच लांब उतार नांगर धरून, म्हणजे स्कीची टोके जवळ आणि शेपट्या फाकवून उतरणे यासाठीच टाळावे, कारण त्यात गुडघे सतत आत ओढले जातात. आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले लिगामेंट, गेलेले असेल, तर मुख्य प्रश्न पडण्याच्या प्रकाराचा आहे.

अमेरिकेतील व्हरमाँट येथील एटलिंगर, जॉन्सन आणि शीली यांनी १९९५ मध्ये या पडण्याचा अभ्यास मांडला. स्कीअर मागे तोल जाऊन बसता होतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, हात मागे जातो आणि सगळा भार उताराकडच्या स्कीच्या आतल्या कडेवर येतो. त्या क्षणी स्कीची शेपटी पायाला आत पिळते. त्यांनी स्की गस्तीपथकातील लोकांना आणि प्रशिक्षकांना हे प्रसंग ओळखायला शिकवले, तेव्हा त्या गटात गुडघ्याच्या गंभीर दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या. बाइंडिंग न बदलता, केवळ शिकवून हे घडले, याकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छिते. हात पुढे ठेवावेत, पाय जवळ ठेवावेत, तोल पूर्ण गेला असेल तर सावरण्याचा हट्ट सोडावा, आणि घसरणे थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न करू नये. एवढे चार नियम पंचगंगाकाठ यांनी पाठ करून जावे.

दुधाळीचा_गोलकीपर

फिजिओ ताईंनी एसीएलचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या पेठेत शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या पोरांत एसीएल गेलेला नाही असा संघ सापडणे कठीण. मैदानावर बूट मातीत रुततो आणि वरचे शरीर वळते, तिथेच ते तुटते. स्कीमध्ये निदान बूट सोडवणारे यंत्र तरी आहे, मग ते एसीएल का वाचवत नाही, हे मला समजत नाही. कोणी सांगेल का?

शिरोली_यंत्रशाळा

गोलकीपर भाऊ, प्रश्न अगदी मर्माचा आहे. बाइंडिंगची मूळ रचना नडगीचे हाड वाचवण्यासाठी झाली, आणि ते काम त्याने उत्तम केले. पूर्वी स्कीइंग म्हटले की मोडलेली तंगडी डोळ्यासमोर येत असे, ते चित्र १९७० नंतर झपाट्याने बदलले. पण पुढची पकड उघडते ती चवड्याकडे बाजूने जोर आला तर. दाराला बिजागरीजवळ कितीही ढकलले तरी ते उघडायला जड जाते, तसेच इथे होते. फिजिओ ताईंनी सांगितलेल्या पडण्यात जोर येतो तो शेपटीकडून, टाचेच्या जवळ. त्यामुळे पुढच्या पकडीपर्यंत पुरेसा जोर पोहोचत नाही आणि तोवर लिगामेंटची सहनशक्ती संपते.

यावर उपाय म्हणून टाचही बाजूला उघडणारी बाइंडिंग्ज निघाली. अमेरिकेतील नीबाइंडिंग हे त्यातले जुने नाव, आणि अलीकडे टायरोलियाने प्रोटेक्टर नावाने असाच प्रकार आणला आहे. तत्त्व बरोबर आहे. मात्र ही बाइंडिंग्ज हलक्या वर्गातली नव्हेत, आणि कोणतेही बाइंडिंग एसीएल वाचवण्याची हमी देत नाही.

दुधाळीचा_गोलकीपर

आता नीट समजले. धन्यवाद साहेब.

काश्मीर_वारी

मी दरवर्षी गुलमर्गला जाणाऱ्यांपैकी आहे, म्हणून तिथल्या बर्फाबद्दल सांगतो. गाव सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा म्हणजे कोंगडोरी त्याच्या साधारण चारशे मीटर वर, आणि दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरवर आहे. वरचा भाग बहुतांशी न दाबलेल्या, खोल, भुसभुशीत बर्फाचा आहे. तिथे कमरेला, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागात, १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्कीच हवी, अरुंद स्की बुडते. ज्यांना गुडघ्याची काळजी आहे त्यांनीही रुंदच घ्यावी, कारण बुडालेली स्की वर काढताना गुडघ्याला जो झटका बसतो तो फार वाईट.

इन्सब्रुकवासी

वरच्या भागासाठी आपले म्हणणे मान्य आहे, पण मूळ प्रश्न खालच्या, दाबलेल्या उतारांचा आहे. कडक बर्फावर रुंद स्की कडेवर उभी करायची तर जोर बुटाच्या मध्यापासून दूर असलेल्या कडेवर येतो, आणि ती कड जितकी दूर, तितका तो जोर गुडघ्याला पिळतो. ७५ मिलिमीटरची स्की बुटाच्या रुंदीच्या जवळपास असते, त्यामुळे कड जवळजवळ पायाखालीच येते. इथल्या स्की शाळांत गुडघ्याच्या रुग्णांना अरुंद, मऊ आणि लहान त्रिज्येत वळणारी स्की देतात, ती याच कारणाने. वळण स्वतःहून सुरू होते आणि पाय पिळून ते ओढून आणावे लागत नाही.

काश्मीर_वारी

ताई, गुलमर्गच्या खालच्या उतारांवरही रात्रीतून फूटभर बर्फ पडतो आणि तो दाबायला यंत्र लगेच येतेच असे नाही. ७५ ची स्की घेऊन आलेले पाहुणे अशा सकाळी हैराण होताना मी पाहिले आहेत. ऑस्ट्रियाचे नियम काश्मीरला तसेच्या तसे लावू नयेत, एवढेच माझे सांगणे आहे.

गगनबावडा_धुके

दोघांचेही बरोबर असेल, तर मधले माप काढावे आणि ताजा बर्फ पडेल त्या सकाळी पंचगंगाकाठ यांनी कहवा पीत बसावे!

राजारामपुरीची_फिजिओ

हसण्यावारी नेऊ नका, तो सल्ला खरोखर उपयुक्त आहे. गुडघ्याच्या रुग्णाने बर्फ पाहून दिवस निवडला पाहिजे.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने कोणी समजावून सांगेल असे वाटले नव्हते. दोन शंका आहेत. डीआयएनचा, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटेल त्याचा, आकडा माझ्यासाठी कसा ठरवायचा, आणि गुडघा जपायचा म्हणून तो अगदी कमी ठेवावा का? शिवाय भाड्याच्या सामानात हे सगळे कोण तपासून देते?

शिरोली_यंत्रशाळा

आकडा अंदाजाने ठरवायचा नसतो. त्यासाठी आयएसओ ११०८८ या मानकाचे कोष्टक आहे. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीइंगचा प्रकार, एवढ्या गोष्टी त्यात घालाव्या लागतात. सावकाश आणि सोप्या उतारांवर जाणारा पहिल्या प्रकारात मोडतो, आपण तेच सांगावे. आपले वजन ६७ ते ७८ किलोंच्या ओळीत आणि उंचीही त्याच ओळीत येते. तिथे पिळाची मर्यादा ४३ न्यूटन-मीटर आणि पुढे कोलमडण्याची १६५ न्यूटन-मीटर आहे. वय ५० किंवा अधिक असेल तर एक ओळ वर जायचे, म्हणजे आपल्यासाठी ३७ आणि १४१. त्या ओळीतला डीआयएनचा आकडा बुटाच्या तळाच्या लांबीनुसार बदलतो, म्हणून बूट हातात आल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

कोष्टकापेक्षाही खाली आकडा ठेवण्याचा मोह टाळावा, हे माझे स्पष्ट मत आहे. चालू वळणात कारण नसताना स्की निसटली, तर उरलेल्या एका पायावर पडणे गुडघ्याला परवडत नाही. काही विशेष कारणाने आणखी कमी करायचेच असेल, तर ते जाणत्या तंत्रज्ञाच्या हातून व्हावे.

भाड्याच्या सामानात आकड्यापेक्षा तीन गोष्टी जास्त वेळा चुकलेल्या दिसतात. पहिली, मागच्या पकडीचा पुढे रेटणारा दाब. बूट बदलला की त्याच्या लांबीप्रमाणे मागची पकड पुढे-मागे सरकवावी लागते, आणि बूट अडकवल्यावर टाचेकडची छोटी खूण ठरलेल्या पट्ट्यातच यावी लागते. ती पट्ट्याबाहेर असेल तर डीआयएनचा आकडा कितीही अचूक असला तरी त्याला अर्थ राहत नाही. दुसरी, चवड्याखालची घसरपट्टी. बाजूला सुटताना बूट या पट्टीवरून सरकतो, आणि तिच्यावर चिखल, वाळू किंवा बर्फ चिकटलेला असेल तर सुटायला जास्त जोर लागतो. तिसरी गोष्ट बुटाच्या तळाची. हॉटेलपासून लिफ्टपर्यंत डांबरी रस्त्यावरून आणि खडीवरून चालून भाड्याच्या बुटांचे तळ चवड्याकडे गोलसर झिजलेले असतात, असा बूट पकडीत सैल बसतो. बूट हातात घ्यावा, उलटा करावा, अंगठा फिरवून कडा पाहाव्यात, आणि झिजलेला असेल तर नम्रपणे दुसरा मागावा.

आजरेकर

अमेरिकेची स्की शर्यतपटू लिंडसे वॉन हिने २०२४ मध्ये उजव्या गुडघ्याचे अर्धे रोपण करून घेतले आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती विश्वचषकात उतरली. मार्च २०२५ मध्ये तिने सुपर-जी या वेगाच्या शर्यतीत दुसरा क्रमांकही मिळवला. तिच्या स्की काही हलक्या नसतात. मग आपण वजनावर एवढी चर्चा का करतो आहोत?

राजारामपुरीची_फिजिओ

आजरेकर दादा, तिच्या मागे आयुष्यभर कमावलेली मांडी आहे आणि पूर्ण वेळ काम करणारी चमू आहे. पण आपल्या उदाहरणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे सांध्याभोवतीचे स्नायू. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. पंचगंगाकाठ यांनी आठवड्यातून तीनदा सहा इंची पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवण्याचा व्यायाम करावा, कारण उतरताना मांडीचा स्नायू जसे काम करतो तसेच काम त्यात होते. वेदना दहापैकी तीनच्या वर जात असेल तर पायरी लहान करावी. तालमीतल्या खोल बैठका मात्र वाटीच्या रुग्णांनी काढू नयेत, मग वस्ताद कितीही आग्रह करोत.

ताराराणी_चौक

सामान नेण्याचा मुद्दा कोणी काढला नाही. कोल्हापूरहून श्रीनगरला थेट विमान नाही, म्हणजे मुंबई, पुणे किंवा दिल्लीत सामान बदलणे आलेच. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान मोफत असते. स्की, बाइंडिंग आणि बूट मिळून दहा किलो झाले, की कपड्यांना काय उरते? लांब पिशवी खांद्यावर घेऊन स्थानकांच्या आणि विमानतळांच्या पायऱ्या उतरणे हेही दुखऱ्या गुडघ्यालाच सोसावे लागते. माझ्या मते हलकेपणाचा सर्वांत खरा लाभ तो इथे आहे.

हिमवाट

ताराराणी चौक यांनी माझ्या मनातले लिहिले.

इन्सब्रुकवासी

याच मुद्द्यावरून माझी सूचना वेगळी निघते. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने आधी बूट स्वतःचे घ्यावेत आणि स्की भाड्याने. घोट्याला हवा तसा वाकणारा, टाच घट्ट धरणारा आणि आपल्या पायाच्या मापाचा बूट भाड्याने मिळणे फार अवघड असते, उलट मध्यम स्की कुठेही मिळते. बूट पिशवीत मावतात, पायऱ्यांवर त्रास देत नाहीत, आणि तळाची लांबी कायम असल्यामुळे आकडाही दरवेळी नव्याने शोधावा लागत नाही. घेताना तळाचा प्रकार मात्र दुकानात विचारून घ्यावा. ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोयीचा केलेला तळ, किंवा टुरिंगचा तळ प्रत्येक अल्पाइन बाइंडिंगमध्ये चालत नाही, आणि न जुळणाऱ्या जोडीत सुटका बिघडते. भाड्याची जुनी बाइंडिंग्ज लक्षात घेता साधा, सपाट अल्पाइन तळच पंचगंगाकाठ यांच्या उपयोगाचा.

काश्मीर_वारी

बुटांबद्दल शंभर टक्के सहमत. आणखी एक सांगतो. गुलमर्गच्या सकाळी गारठलेले प्लास्टिक बरेच कडक होते, त्यामुळे दुकानात मऊ वाटलेला बूट तिथे मऊ राहत नाही. रात्री बूट खोलीत, बुखारीपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपासून, थोड्या अंतरावर ठेवावेत.

पंचगंगाकाठ

आता चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. टुरिंग स्की आणि पिन बाइंडिंगचा विचार मी सोडून देतो. बूट आधी घेईन. तरीही, भाड्याच्या सामानाचा भरवसा वाटला नाही आणि पुढच्या वर्षी स्की घ्यायच्या ठरवल्या, तर नेमके कोणते माप मागावे, एवढे कृपया सांगून ठेवा, म्हणजे विक्रेत्यापुढे मला ठामपणे बोलता येईल.

इन्सब्रुकवासी

कमरेला ७८ ते ८४ मिलिमीटर. काश्मीर वारी यांचे म्हणणे लक्षात घेऊनच मी ७५ वरून थोडी वर आले आहे. लांबी उभी केल्यावर हनुवटीपासून नाकापर्यंत, म्हणजे आपल्यासाठी साधारण १५० ते १५८ सेंटिमीटर, कारण शेपटी आखूड असली की पीळ देणारा दांडाही आखूड होतो. वळणाची त्रिज्या १२ ते १४ मीटर, मऊ लवचीकपणा आणि पुढचे टोक किंचित वर उचललेले. वजन एका स्कीचे दीड किलोच्या आसपास असावे. हलक्या लाकडी गाभ्याच्या अल्पाइन स्की या वजनात मिळतात आणि त्या टुरिंगच्या स्कीइतक्या फडफडत नाहीत. 'महिलांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कीही जरूर पाहाव्यात, त्यांत हे गुण अनेकदा एकत्र सापडतात आणि गुडघ्याला रंगाशी काही कर्तव्य नसते.

काश्मीर_वारी

८४ असेल तर माझी हरकत नाही. अफरवतला मात्र ती घेऊन जाऊ नये.

शिरोली_यंत्रशाळा

बाइंडिंग अल्पाइनच घ्यावे आणि डीआयएनची श्रेणी ३ ते १० किंवा त्याच्या जवळपासची असावी. आपला आकडा श्रेणीच्या अगदी टोकाला न येता आत कुठेतरी यायला हवा, म्हणून शर्यतीची जड बाइंडिंग्ज आपल्या कामाची नाहीत. ३ ते १० च्या श्रेणीतली बाइंडिंग्ज मुळातच हलकी असतात, प्रत्येकी एक किलोच्या आतबाहेर. टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती फरक आहे ते मिलिमीटरमध्ये विचारावे आणि कमीत कमी फरकाचे घ्यावे. ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेइतकी किंवा तिच्याहून फार तर १५ मिलिमीटर जास्त असावी. त्याहून रुंद ब्रेकचे दांडे वळणात बर्फाला लागतात, आणि अरुंद असले तर ते स्कीच्या कडांवर अडकून खाली उतरतच नाहीत. ८० च्या स्कीला ८५ किंवा ९० चा ब्रेक मागावा.